रेघेच्या आतलं पाऊल

७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "मनातलं हिच्यात ओत, माणसांवर ओतू नकोस." काल मी चपलांच्या कारखान्यात आमच्या उस्तादांवर भडकले होते. ती बातमी सकाळच्या उपासनेआधीच त्यांच्यापर्यंत पोचली होती. आमच्या दवाखान्यात जखमा सावकाश भरतात, बातम्या मात्र धावत सुटतात.

वहीबरोबर एक अर्जही दिला. माझा पाच वर्षांचा सेवाकाळ जूनमध्ये संपतो. पुढची पाच वर्षं राहणार का, ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मिशनला कळवायचंय. अर्जात एक ओळ आहे: "कुटुंबाची व्यवस्था समाधानकारक आहे काय?" आणि उत्तरासाठी जागा दोन बोटं. दोन बोटांत काय मावणार?

म्हणून आधी इथं लिहिते. मी मिशनच्या दवाखान्यात चपला आणि बूट करते, कुष्ठरोगानं ज्यांच्या पायांची जाणीव गेली त्यांच्यासाठी. त्यांना खिळा रुतला तरी कळत नाही, म्हणून आमच्या कामात खिळा नसतो. सगळं शिवून आणि चिकटवून. नवरा गेला तेव्हा माझी भिंगरी तीन वर्षांची होती. ती पाचाची झाली आणि मला इकडचं पाचारण आलं. इथं शाळा नाही, म्हणून तिला थोरल्या बहिणीकडे, ताईकडे ठेवलं. ताईला मूलबाळ नाही. निघायच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी भर मंडळीत विचारलं, "आणि मुलीचं काय?" मी ताठ मानेनं म्हणाले, "तिला मी देवाच्या हाती सोपवलंय." बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

देवाच्या हाती म्हणजे ताईच्या हाती, हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यात आलाच नाही.

११ जानेवारी, शनिवार

शनिवारी दुपारी ऑफिसातला फोन आम्हा लांबून आलेल्यांना मिळतो. प्रत्येकी दहा मिनिटं. बाहेरच्या बाकावर रांग असते आणि आतलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. त्यामुळे इथं कुणाची सासू कशी आहे ते सगळ्यांना पाठ.

"आई, मला सायकल येते आता!"

"अरे वा! कुणी शिकवली?"

"मावशीनं. तिला स्वतःला येत नाही गं. ती नुसती मागून धरून पळते. काल तिनं कधी सोडलं मला कळलंच नाही. मी वळून बघितलं तर ती केवढी लांब, कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती!"

मग मावशीनं शिवलेलं दप्तर. मावशीनं पाठ करून घेतलेले पाढे. मावशी वेण्या घालताना गोष्ट सांगते आणि गोष्ट संपेपर्यंत वेणी सोडत नाही. दहा मिनिटांत 'मावशी' एकोणीस वेळा आली. मी टेबलाखाली बोटांवर मोजत होते. शेवटी ताईनं फोन घेतला आणि विचारलं, "तू वेळेवर जेवतेस ना गं?"

म्हणजे मलाही तीच सांभाळणार. मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. बाहेर बाकावर बसलेली नर्स म्हणाली, "किती प्रेमळ बहीण आहे हो तुमची! नशीब लागतं." मी हसले. हसताना दाढा दुखल्या.

१५ जानेवारी, बुधवार

पावलाचं पाकीट आलं.

दर सहा महिन्यांनी भिंगरीचं पाऊल कागदावर काढून इकडे येतं, आणि मी तिला बूट करून पाठवते. आई म्हणून माझ्या हातात एवढंच उरलंय. निघताना मी एका पुठ्ठ्यावर मोठं पाऊल काढलं होतं आणि ताईकडच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. भिंगरीला म्हणाले होते, "तुझं पाऊल ज्या दिवशी ह्या रेघेला लागेल ना, त्या दिवशी आई तुला न्यायला येईल." रेघ मी उगाच काढली नव्हती. मुलांची पावलं किती वाढतात ते मला ठाऊक आहे. दहाव्या वर्षी ती एकवीस सेंटिमीटरच्या पुढं जातात, म्हणून रेघ एकवीसची. दहाव्या वर्षी मुलींना इथून चार तासांवरच्या मिशनच्या वसतिगृहातल्या शाळेत घेतात. माझा सेवाकाळही तेव्हाच संपतो. सगळं कसं मापात बसवलं होतं.

आज पाऊल मोजलं. वीस पूर्णांक दोन. मागच्या वेळीही वीस पूर्णांक दोन. त्याच्या मागच्या दोन्ही वेळीही तेच.

पोर दीड वर्षात केसभरही वाढली नाही?

१६ जानेवारी, गुरुवार

उस्तादांना विचारलं. उस्ताद म्हणजे आमचे मुख्य कारागीर. तीस वर्षांपूर्वी रुग्ण म्हणून आले, बरे झाले आणि इथंच राहिले. बोटं आकडलेली आहेत, तरी पेन्सिल दोन मुठींत धरून असं माप काढतात की आम्ही धडधाकट हातवाल्यांनी लाजावं. मला हे काम त्यांनीच शिकवलं. चारचौघांत चुकाही तेच काढतात, म्हणून तर भांडणं होतात.

मी कागद पुढं सरकवला. त्यांनी नजर टाकली आणि म्हणाले, "पेन्सिल आत कललीय. नवशिक्यांचं असंच होतं. उभी धरायला पाहिजे. पायाखाली शिरली की पाऊल बारीक निघतं."

मी मागचे दोन कागद आणून दाखवले. तेही तसेच, आत कललेले. पण त्याआधीची सगळी पावलं उत्तम होती. ताईच्या हाताची, एका दमात काढलेली सुबक रेघ. ताईचं सगळंच सुबक. लहानपणी तिचा पहिला नंबर आणि माझ्या प्रगतिपुस्तकात चार ओळींचे शेरे. नवा फ्रॉक तिला, आणि तिला आखूड झाला की मला. मी आयुष्यभर तिचं उतरलेलं घातलं. आता माझं लेकरू तिनं अंगावर चढवलंय.

ताई नवशिकी नाही. मग पेन्सिल वर्षापूर्वी अचानक कशी कलायला लागली?

मनात आलं ते लिहायलाही लाज वाटते. पण वही त्यासाठीच आहे. ताईला ते पाऊल रेघेला लागायला नकोय.

१८ जानेवारी, शनिवार

आज फोनवर सरळ विचारलं, "मागच्या वेळी पाठवलेले बूट बसतात का गं पायात?"

"बसतात."

"घट्ट होत नाहीत?"

"घालून बसलेय बघ आत्ता." मग पटकन, "आई, तुला माहितीये, आमच्या वर्गात कासव आणलं होतं!"

उरलेली मिनिटं कासवाची. ठेवताना ताई म्हणाली, "आवाज बसल्यासारखा वाटतो तुझा, गरम पाणी पी." मी म्हटलं, माझ्या आवाजाचं सोड. एवढंच म्हटलं. बाकीचं बाकावरच्यांसाठी गिळलं.

२२ जानेवारी, बुधवार

शाळेच्या खेळांचा फोटो आला. भिंगरी धावण्यात दुसरी आली. गळ्यात पदक, शेजारी ताई, दोघींचे डोळे उन्हानं बारीक झालेले आणि दोघी हसतायत. भिंगरीचं डोकं ताईच्या खांद्याला लागलंय. खांद्याला! गेल्या वर्षीच्या फोटोत ती दंडापर्यंत होती.

आणि पायात दुकानातले बूट.

पांढरे, नाडीचे, नवेकोरे. मी दोन आठवडे दुपारची झोप सोडून शिवलेले, आतून मऊ कातडं लावलेले बूट कुठं गेले? तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे असा डाव आहे तर. लहान माप पाठवायचं, माझे बूट घट्ट होऊ द्यायचे, मग दुकानात नेऊन म्हणायचं, "बघ बाई, आईचे काही होत नाहीत तुला, चल, मावशी घेते." लोक म्हणतात ना, माय मरो आणि मावशी जगो. इथं माय मरायचीही वाट बघितली नाही कुणी.

उस्तादांनी फोटो बघितला. म्हणाले, "पोरगी छान आहे. मावशीचा हात बघा, खांद्यावर ठेवलाय पण भार दिला नाही." मी फोटो काढून घेतला. ह्यांना प्रत्येक ठिकाणी भार दिसतो.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी गुडघे टेकले आणि देवाला विचारलं, काय करू. पाचच मिनिटांत उत्तर मिळालं: भिंगरीला वसतिगृहात आणायचं. त्यासाठी आत्ताच जागा धरायची. एवढं झटपट उत्तर देवाकडून मला कधी मिळालं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे आता काहीतरी टोचणार.

"तुला ती किती वेळा भेटेल?"

"महिन्यातून एक रविवार."

"आणि रोज तिच्याजवळ कोण?"

"तिथल्या वॉर्डनबाई आहेत."

"आत्ता रोज तिच्याजवळ कोण आहे?"

"ताई," मी म्हणाले. "पण तिथं ती देवाच्या घरात असेल."

"ताईचं घर कुणाचं आहे मग?" बाई म्हणाल्या आणि रुग्णांना आत बोलवायला लागल्या.

त्यांना कसं कळणार? त्यांना ना मूल, ना बहीण. मी वसतिगृहाला पत्र लिहिलं आणि एक जागा राखून ठेवायला सांगितली.

२४ जानेवारी, शुक्रवार

ताईला पत्र टाकलं. मोजून मापून लिहायचं ठरवलं होतं, पण लेखणी सुटली ती सुटलीच. लिहिलं की मी माप घेऊनच पोट भरते, मला मापात फसवू नकोस. लिहिलं की पेन्सिल कशी कलते ते मला दिसतं आणि का कलते तेही. लिहिलं की दुकानातले बूट फोटोत दिसतील एवढी तरी काळजी घ्यायची होतीस. शेवटी लिहिलं, "तुला देवानं मूल दिलं नाही, म्हणून माझं ठेवून घ्यायची सवलत दिलेली नाही."

ती ओळ लिहून झाल्यावर थोडा वेळ बघत बसले. खोडणार होते. मग टपालाची गाडी आली.

१ फेब्रुवारी, शनिवार

पत्र बहुतेक पोचलं. ताई फोनवर आलीच नाही. भिंगरी म्हणाली, मावशी गच्चीवर कपडे वाळत घालतेय. शनिवारी दुपारी तीन वाजता?

मी गोड आवाजात सांगितलं, "भिंगरे, गंमत सांगू? वसतिगृहाच्या शाळेत तुझी जागा झाली! जूनमध्ये मी येते न्यायला. मग तू माझ्याजवळ."

 

"पण आई, माझं पाऊल अजून रेघेला लागलं नाही."

मी हसले. "अगं वेडे, ते रेघेबिघेचं सोड आता. तुझं पाऊल केव्हाच मोठं झालंय. ते माप चुकीचं काढलेलं असतं, त्याला तू काय करणार?"

"तू म्हणाली होतीस लागल्यावरच." आवाज बारीक झाला होता. मग एकदम म्हणाली, "आई, मावशीला ओरडू नकोस हं. मावशीनं काहीच नाही केलं."

पढवून ठेवलंय पोरीला. मी म्हटलं, "मावशीचं मी बघते. तू खूश आहेस ना?"

"हो," ती म्हणाली.

बाकावरच्या नर्सनं विचारलं, "खूप आनंद झाला असेल ना लेकीला?" मी म्हणाले, नाचायला लागली अगदी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज उस्तादांशी कडाक्याचं वाजलं, आणि बरं झालं वाजलं.

भिंगरीचं पाऊल माझ्या टेबलावर पडलं होतं. मी त्यावरून नव्या बुटांचा तळ कापायला घेतला. माप अर्थातच वाढवून, अंदाजानं. उस्ताद म्हणाले, "अंदाजानं नका कापू. त्या ताईंना परत काढून पाठवायला सांगा."

मी म्हणाले, "ती काय पाठवणार? मुद्दाम लहान काढते ती. तीन वेळा काढलंन."

उस्तादांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे ताईंनी काढलेलंच नाही."

"पाकिटावर तिचं अक्षर आहे."

"पाकिटावर असेल. इकडं बघा." त्यांनी स्टुलावर बसून जमिनीवर एक कोरा कागद ठेवला, चप्पल काढली, पाय ठेवला आणि स्वतःच वाकून रेघ मारायला लागले. "दुसऱ्यानं काढलं की रेघ टाचेमागून एका दमात फिरते. आपलं आपण काढलं की टाचेपाशी हात पोचत नाही. अंग वळवावं लागतं. रेघ तुटते, मग पलीकडून येऊन जोडावी लागते." त्यांनी पाय उचलला. टाचेपाशी रेघ तुटून जोडलेली होती. भिंगरीच्या तिन्ही कागदांवर त्याच जागी तशीच. गेली साडेचार वर्षं मी पावलं काढते आणि मला ती दिसली नव्हती. मला फक्त ताई दिसत होती.

"आणि चुकून लहान निघालं असतं तर दर वेळी वेगळं निघालं असतं," उस्ताद म्हणाले. "हे तिन्ही वेळा तेच. आधीच्या कागदावरून मोजून बेतलंय. लहान पोर आहे हो, पण हात पक्का आहे. तुमच्यावर गेलीय."

मी म्हणाले, "मुलं करतात काहीतरी खेळ."

 नव्या रुग्णाला आम्ही बूट टोचतो का असं कधी विचारत नाही, कारण तो नाहीच म्हणणार. अर्धा तास चालवतो, बूट काढतो आणि पाय बघतो. उस्ताद माझ्याकडे तसेच बघत होते.

मग कळलं. माझी मुलगी वर्षभर पेन्सिल कलती धरून आपलं पाऊल रेघेच्या आत ठेवतेय. रेघेला लागलं की आई न्यायला येणार, म्हणून. मी येऊ नये म्हणून.

जेवणाची घंटा झाली. मी गेले नाही. उस्तादांनी माझं ताट झाकून आणून ठेवलं आणि कारखान्याचं दार ओढून घेतलं.

आता चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याचं ते पत्र ताईच्या हातात आहे. आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं कळूनही माझ्या मनात पहिला विचार काय आला? ताईनं असं काय केलं माझ्या मुलीला, की तिनं मला दारातच थोपवावं? पालथ्या घड्यावर पाणी.

१० फेब्रुवारी, सोमवार

ताईचं पत्र. सोबत एक पाऊल, तिच्या हाताचं, रेघ एका दमात. बावीस पूर्णांक एक. कपाटाच्या दारावरच्या रेघेला ओलांडून पुढं गेलंय.

पत्र मी इथं उतरवून ठेवते, म्हणजे मला पुन्हा पुन्हा घडी उलगडावी लागणार नाही.

"तुझं पत्र वाचलं. तुझ्या जागी मी असते तर ह्याहून वाईट लिहिलं असतं, तेव्हा ते राहू दे. वर्षभरापासून पाऊल ती स्वतः काढते. खोलीचं दार लावून घेते. म्हणते, हे माझं आणि आईचं गुपित आहे. मी आत डोकावले नाही. तुम्हा दोघींत माझ्याशिवायचं काहीतरी असावं असं मला वाटलं. तुझे बूट तिला होत नाहीत हे मी तुला कळवलं नाही, ती माझी चूक. तुला वाईट वाटेल म्हणून दुकानातून घेतले. तुझे ती शनिवारी फोनच्या वेळी कपाटातून काढते, टाचा बाहेर ठेवून पायात कोंबते आणि बसते. आईनं विचारलं तर खोटं बोलायला नको म्हणून.

"पत्र आल्यावर मी तिला जवळ घेऊन विचारलं. तिनं सगळं सांगितलं. मी तिला सांगितलंय की आईकडे जायचं, आई ती आईच. ती ऐकते माझं. बॅग भरून ठेवलीय. दोन स्वेटर, दप्तर, कंपास, पदक. जूनची वाट बघायची नसेल तर तू म्हणशील त्या दिवशी तुझे दाजी आणि मी तिला घेऊन येतो. सायकल बॅगेत मावत नाही, ती इथं राहील. जेवण वेळेवर घे."

वाचून मी काय केलं? रडले? नाही. जळाले. बघा हिला! मी मुलीला देवाच्या हाती सोपवलं म्हणून भर मंडळीत मिरवून आले आणि पाच वर्षं एक बोट सोडलं नाही. हिनं सोपवलं ते बॅग भरून, कंपासची आठवण ठेवून, कुणाला न सांगता. त्यागातही हिचाच पहिला नंबर. मला निदान तेवढं तरी ठेवायचं होतंस गं ताई.

मग रडले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस देवाशी भांडतेय. मी म्हणते, तुझ्यावर भरवसा ठेवायला मला कधी जड गेलं नाही. तू सायकलीमागून धावत नाहीस, तू वेण्या घालत नाहीस. तुझा हेवा करावा असं तू काही केलंच नाहीस. पण ताईवर ठेवायचा म्हटला की मी हात आखडते. तो काही बोलत नाही. गेल्या महिन्यात पाच मिनिटांत उत्तर देणारा तो कोण होता, ते आता मला चांगलं कळलंय.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. ताईला लिहिलेली ती शेवटची ओळसुद्धा. त्यांनी चष्मा पुसला नाही. म्हणाल्या, "घरी परत जा कायमची, असं म्हटलं तर?"

"मग मी ताईच्या शेजारी खोली घेईन आणि रोज सकाळी वेण्या कोण घालणार ह्यावरून पोरीचे केस ओढू आम्ही दोघी."

बाई हसल्या. मीही हसले, खूप दिवसांनी. पण ते खोटं नव्हतं. मी आत्ताची जशी आहे, तशी गेले तर तेच करीन.

वसतिगृहाला कळवलं की जागा दुसऱ्या कुणाला द्या. मिशनच्या अर्जावर सहा महिन्यांची रजा मागितली. पुढचा सेवाकाळ घ्यायचा की नाही ते रजेनंतर सांगेन असं लिहिलं. त्या दोन बोटांच्या जागेत 'होय' लिहिलं आणि सही केली. अक्षर वाकडं आलंय. ताईला एका ओळीचं पत्र टाकलं: "बॅग रिकामी कर, आणि मला माफ करता आलं तर कर."

उस्तादांनी नव्या बुटांचे तळ कापून ठेवले होते, बावीस पूर्णांक एकच्या मापाचे. मी म्हणाले, "तिच्याकडे दुकानातले आहेत." ते म्हणाले, "असू देत की. माणसाला दोन जोड चालतात." चारचौघांत म्हणाले, पण ह्या वेळी मी भांडले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पत्र पोचायला अजून आठवडा लागेल, म्हणून आज फोनवरच सांगायचं होतं. रांगेत माझा नंबर तिसरा होता. 

भिंगरीनं "हॅलो" म्हटलं तेसुद्धा शिस्तीत. बॅग भरलेल्या मुलीचा आवाज.

मी म्हणाले, "भिंगरे, ऐक. मी जूनमध्ये येणार आहे. पण न्यायला नाही. नुसती यायला. सहा महिने. तू आहेस तिथंच राहायचंस. तीच शाळा, तीच सायकल, सगळं तेच."



"मग रेघ?"

"ती रेघ चुकीची होती. ती मी काढली होती. फाडून टाक."

"आई, तू रागावली नाहीस?"

"रागावले होते. तुझ्यावर नाही. आता नाही रागावले."

"खरंच न्यायला नाही?"

"खरंच नाही."

फोन टेबलावर आदळल्याचा आवाज आला. ठेवला नव्हता, टाकला होता. मग धावणारी पावलं, दार, आणि लांबून, घराच्या कुठल्या तरी आतल्या टोकाकडून, तिची हाक:

"आई! अगं आई! मी जाणार नाहीये! मी कुठंच जाणार नाहीये!"

मी "अगं, मी इथंच आहे" म्हणायला तोंड उघडलं. मग कळलं की ती मला हाक मारत नव्हती.

काहीतरी भांडं पडलं. ताईचा दबका आवाज आला, "हळू, हळू, फोन चालू आहे ना गं!" मग नुसते अस्फुट आवाज. दोघी रडत असाव्यात, किंवा हसत असाव्यात. तोंडात पदर धरला की दोन्ही सारखंच ऐकू येतं. मी रिसीव्हर कानाला घट्ट लावून बसले. 

शेवटी ताई आली. धाप लागली होती. "अगं ते… ती तशी कधी… आज चुकून तोंडातून…"

"ताई," मी म्हणाले, "चुकून नाही ते. राहू दे."

"तू यायच्या आत मी तिला समजावते."

"समजावू नकोस. तिला जे म्हणायचंय ते म्हणू दे."

ताईनं काहीतरी म्हटलं, ते मला कळलं नाही. मग तिनं विचारलं, जेवतेस ना वेळेवर, आणि माझी दहा मिनिटं संपली.

बाहेर आले. नर्सनं सरकून जागा दिली. मी बसले नाही. सरळ चॅपलमध्ये गेले आणि पुढच्या बाकावर गुडघे टेकले.  असं वाटत होतं की उठावं, फोन करावा आणि म्हणावं, बॅग भर, मी आजच निघते. मी काही मोठ्या मनाची बाई नाही, हे देवाला आणि ह्या वहीला माहीत असलेलं बरं.

तरी प्रार्थनेत, तिचं भलं कर म्हणत, ताईचं नाव घेतलं. दातओठ खाऊन घेतलं, पण घेतलं.